रुग्णाचे पडणे आणि शुश्रूषेचा धर्म

नीतिशास्त्रावरील ग्रंथ चाळले तर त्यांत चर्चिलेले प्रश्न बहुधा मोठ्या प्रसंगांचे असतात असे दिसून येते. वचनपालनासाठी राज्यत्याग करावा काय, एकाचा जीव वाचविण्याकरिता असत्य बोलावे काय, आततायी शत्रूस शासन करावे की क्षमा करावी, अशा प्रश्नांचा ऊहापोह करण्यात पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आणि ती व्यर्थ गेली असे आमचे म्हणणे नाही. परंतु सामान्य मनुष्याच्या वाट्यास असे प्रसंग आयुष्यात एखाद-दुसरेच येतात. त्याच्या नीतीची खरी कसोटी लागते ती घरगुती, क्षुल्लक वाटणाऱ्या आणि वारंवार घडणाऱ्या गोष्टींत. आज आम्ही जो प्रश्न वाचकांपुढे मांडणार आहो तो असाच वरवर पाहता क्षुल्लक आहे. उपचारासाठी रुग्णालयात आणून ठेवलेला रोगी खाटेवरून, न्हाणीघरात किंवा चालता चालता पडतो. त्याला पडू न देणे हे शुश्रूषा करणाऱ्यांचे कर्तव्य होय, ह्याविषयी दुमत नाही. पण हे कर्तव्य कोठवर जाते? पडू नये म्हणून त्याला उठूच न देणे, कठडे लावून कोंडणे, प्रसंगी हातपाय बांधून ठेवणे, हे त्या कर्तव्यात मोडते की त्याच्या विरुद्ध जाते? हाच ह्या लेखाचा विषय होय.

प्रथम ह्या गोष्टीची व्याप्ती ध्यानात घेतली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्यू पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. ह्या संख्येत घरी, शेतात, कामावर पडलेले सर्वच आले. परंतु जेथे मनुष्य बरा होण्यासाठी जातो त्या रुग्णालयातही हे चुकत नाही. पाश्चात्त्य देशांतील रुग्णालयांच्या नोंदी पाहता दर हजार रुग्णदिवसांमागे तीन ते पाच रोगी पडतात असे प्रमाण सामान्यतः सांगण्यात येते. म्हणजे शंभर खाटांचे भरलेले रुग्णालय असेल तर वर्षास शंभराहून अधिक वेळा कोणी ना कोणी पडतो. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांस इजा होते. ती इजा नुसत्या खरचटण्यापासून मेंदूत रक्तस्राव होण्यापर्यंत कोणतीही असू शकते. म्हाताऱ्या माणसाच्या मांडीचा खुबा मोडला तर वर्षाच्या आत दगावणाऱ्यांचे प्रमाण पाचांत एक किंवा त्याहूनही अधिक असते, आणि जे वाचतात त्यांतील कित्येक पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. तापासाठी आलेला मनुष्य खुबा मोडून घरी जावा, ह्याहून विपरीत ते काय!

हे सर्व दूरच्या देशांतील आहे असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्याकडील एक ठिकाण डोळ्यांपुढे धरू. धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंत ज्याचे नाव उस्मानाबाद होते) लोहारा हे तालुक्याचे गाव आहे. तेथील व आसपासचा समाज शेतीवर पोसलेला. तरुण माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईस किंवा सोलापुरास गेलेली आणि घरे म्हाताऱ्यांनी राखलेली, हे चित्र मराठवाड्यातील शेकडो गावांत दिसते तसेच येथेही दिसते. आपल्या राज्यातील ग्रामीण रुग्णालय बहुधा तीस खाटांचे असते. अशा रुग्णालयात सत्तर-पंचाहत्तर वर्षांची म्हातारी दाखल झाली म्हणजे तिच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते ते पाहा. जिने सारा जन्म घोंगडी अंथरून जमिनीवर काढला, तिला कमरेइतक्या उंचीच्या लोखंडी खाटेवर चढविण्यात येते. रात्री अर्धवट झोपेत तिचे पाय सवयीप्रमाणे जमीन शोधतात, आणि जमीन तेथे नसते. हाताला सलाईनची नळी, अंगात ताप, झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीने आलेली झापड, नुकतीच फिनेलने पुसलेली फरशी, आणि शौचकूप मात्र कक्षाच्या दुसऱ्या टोकास! ती पडली तर नवल नाही. पुष्कळदा ती पडत नाही हेच नवल. आणि पडून खुबा मोडलाच तर पुढे लातूर किंवा सोलापूर गाठणे, शस्त्रक्रियेचा खर्च उभा करणे, आणि मजुरी बुडवून कोणीतरी तिच्या उशाशी बसणे हे ओघानेच आले.

आता नीतीच्या दृष्टीने पाहू गेल्यास सर्वच पडणे एका जातीचे नाही. आमच्या मते त्याचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग निष्काळजीपणाचा: ओली फरशी, बंद पडलेला दिवा, चाकाला खीळ न घातलेली खाट, मोडका कठडा, न्हाणीघरात धरावयास दांडी नसणे. दुसरा वर्ग रोगाचा: एकाएकी येणारी घेरी, अपस्माराचा झटका, हृदयाची गती बिघडणे; येथे कितीही सावध मनुष्य जवळ असला तरी प्रत्येक वेळी उपाय चालेलच असे नाही. तिसरा वर्ग रोग्याच्या स्वतःच्या प्रयत्नाचा: तो उठू पाहतो, चालू पाहतो, कोणास न सांगता आपले आपण काही करू पाहतो, आणि पडतो. पहिल्या वर्गाविषयी वादास जागा नाही. तेथे दोष आहे, तो दूर करता येतो, आणि तो दूर न करणारा उत्तरदायी आहे. दुसऱ्या वर्गात बहुधा दैवाचा भाग मोठा. विचार करावयाचा तो तिसऱ्या वर्गाचा. कारण तेथे रोग्याची इच्छा आणि रक्षकाचे कर्तव्य ही दोन्ही एकमेकांसमोर उभी राहतात.

रोगी न सांगता का उठतो? तो हट्टी असतो किंवा त्याला समजत नाही, असे उत्तर पटकन देण्यात येते. काहींच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु थोडे खोल पाहिले म्हणजे दुसरेच कारण हाती लागते, आणि ते आमच्या समाजात फार बलवान आहे. ते म्हणजे संकोच. जिने आयुष्यभर पदर ढळू दिला नाही, त्या बाईस नातीच्या वयाच्या परिचारिकेजवळ भांडे मागावयाचे म्हणजे मरणप्राय वाटते. सून दिवसभर राबून खाटेशेजारी जमिनीवर नुकतीच निजली आहे. तिला उठवावे कसे, ही दुसरी भीड. सिस्टरबाईंना आधीच दोनदा हाक मारली, आता तिसऱ्यांदा मारली तर त्या रागावतील, ही तिसरी. म्हातारा पुरुष असेल तर त्याला आणखी एक गोष्ट बोचत असते: ज्या पायांनी बैलांच्या मागे पन्नास वर्षे तुडविली, ते दहा पावलेही चालत नाहीत हे त्याला कबूल करावयाचे नसते. तेव्हा हे लोक पडतात ते पुष्कळदा अविचारामुळे नव्हे, तर मानी व भिडस्त स्वभावामुळे. ज्या गुणांना आपण निरोगी मनुष्याच्या ठिकाणी सद्गुण म्हणतो तेच रोग्याच्या ठिकाणी अपघाताचे कारण होतात. हे एकदा ध्यानात आले म्हणजे त्याच्यावर रागावणे किती अन्यायाचे आहे ते कळते. आणि त्याला बांधणे म्हणजे त्याच्या मानीपणालाच शिक्षा करणे आहे हेही कळते.

तथापि बांधण्याचा मोह मोठा आहे, आणि तो जुना आहे. वेड्यांना साखळदंड घालणे हे एके काळी सर्व देशांत रक्षणच समजले जाई. पॅरिसमधील बिसेत्र ह्या रुग्णालयात १७९७ साली वेड्यांच्या बेड्या काढण्यात आल्या. त्याचे श्रेय पिनेल ह्या विख्यात वैद्याकडे जाते. परंतु त्या प्रत्यक्ष काढविल्या त्या पुसॅं नावाच्या रक्षकाने, आणि तो स्वतः पूर्वी त्याच संस्थेत रोगी म्हणून राहिलेला होता. बंधनाची किंमत त्याला आतून ठाऊक होती. आपल्याकडील दाखला अधिक भयंकर आहे. तामिळनाडूत एर्वाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयस्थानास आग लागली. तेथील रोगी पळून जाऊ नयेत, त्यांनी स्वतःस व इतरांस अपाय करू नये म्हणून त्यांस साखळ्यांनी जखडून ठेवण्यात आले होते. अठ्ठावीस माणसे मेली. जी साखळी रक्षणाच्या नावाने घातली तीच त्यांना बाहेर पडू देईना.

रक्षण असे उलटते ह्याचा अनुभव लोहाऱ्याच्या पंचक्रोशीस निराळ्या रीतीने आलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. सुमारे दहा हजार माणसे त्यात दगावली. सास्तूर आज लोहारा तालुक्यात मोडते. एवढी माणसे मेली कशाने? धक्का बसला तो जमिनीस. परंतु जीव घेतला तो बहुतांशी घरांनी. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर लाकडी तुळयांच्या आधाराने तोललेले, दोन-दोन फूट मातीचे माळवद. ही घरे लोकांनी काही मूर्खपणाने बांधली नव्हती. उन्हापासून, चोरापासून, पावसापासून ती उत्तम रक्षण करीत, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ते केले होते. परंतु एका प्रकारच्या भयासाठी उभारलेला जाडपणा दुसऱ्या प्रकारच्या संकटात घातक ठरला. ह्यावरून भिंतीच नकोत असा निष्कर्ष कोणी काढला नाही. नवी घरे हलकी व भूकंपास टिकतील अशी बांधावी, असाच काढला. रक्षणाची साधने निवडताना ज्याचे रक्षण करावयाचे त्याच्यावर त्या साधनांचा भार किती पडेल हे मोजले पाहिजे, एवढाच धडा आम्ही येथे घेतो.

कोणी म्हणेल, दृष्टांत पुरे. पडू नये म्हणून बांधलेला रोगी निदान पडत तरी नाही ना? ह्या प्रश्नास अनुभवाने दिलेले उत्तर असे आहे की, तेही खात्रीने म्हणता येत नाही. उंच कठडा लावलेल्या खाटेवरून भ्रमिष्ट रोगी कठडा ओलांडून उतरू पाहतो, आणि मग त्याला कठड्याच्या उंचीवरून पडावे लागते. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने वृद्धांच्या शुश्रूषागृहांत शिस्तीसाठी किंवा सोयीसाठी रहिवाशांस बांधण्यास बंदी झाली. त्यानंतर तेथे ज्या पाहण्या झाल्या त्यांत बंधने काढल्यामुळे पडणे वाढल्याचे आढळले नाही. उलट बांधलेल्यांतच गंभीर इजा अधिक दिसल्या. दुसरे असे की, निजून राहणे हाच एक अपाय आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांस दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा केवळ पायांतील सुमारे एक किलो मांस झडले. निरोगी मनुष्याची ही दशा, तर तापाने व उपासाने खचलेल्याची काय होत असेल? आज न पडावा म्हणून ज्याला निजवून ठेवले तो पंधरा दिवसांनी घरी जाऊन उंबरठ्यावर पडतो. रुग्णालयाच्या वहीत ते पडणे लिहिले जात नाही, एवढाच काय तो फरक.

यंत्रांनी हा प्रश्न सुटेल ही आशाही फारशी फळास आलेली नाही. रोगी उठू लागताच वाजणारी घंटा खाटेस जोडण्याचा प्रयोग अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या सोळा कक्षांत करून पाहिला. त्याचा निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. घंटा पुष्कळ वाजल्या, पडण्याचे प्रमाण मात्र कमी झाले नाही. ऑस्ट्रेलियात चोवीस कक्षांत सूचनाफलक, खाली उतरवलेल्या खाटा, चालण्याची साधने, घंटा इत्यादी सहा उपायांचा मिळून एक कार्यक्रम राबविला. २०१६ साली जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षातही पडणे घटल्याचे दिसले नाही. ह्याच्या उलट त्याच देशात आठ पुनर्वसन-कक्षांत रोग्यांशी एकेकट्याने बसून, त्यांच्या स्वतःच्या स्थितीविषयी त्यांना समजावून सांगण्याचा व त्यांच्या अडचणी कर्मचाऱ्यांस कळविण्याचा उपक्रम झाला, तेव्हा पडण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाले. हा निकाल २०१५ सालचा. ह्या एका प्रयोगावर सारा इमला रचू नये हे आम्ही जाणतो. तरी त्यातून सूचित होणारी गोष्ट मोलाची आहे. रोग्यास केवळ राखावयाची वस्तू न मानता ज्याच्याशी बोलून ठरवावयाचे असा मनुष्य मानले म्हणजे त्याचे रक्षणही अधिक चांगले होते.

येथे मिल्लची आठवण होते. आगरकरांच्या काळापासून महाराष्ट्रातील सुशिक्षितांस परिचित असलेल्या त्या तत्त्ववेत्त्याने १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात असे प्रतिपादले की, प्रौढ व समजत्या मनुष्यावर केवळ त्याच्या हितासाठी बळजबरी करण्याचा अधिकार समाजास नाही. त्याला समजावावे, विनवावे. परंतु सक्ती करू नये. ह्या तत्त्वास रुग्णालयात दोन आक्षेप येतात. पहिला असा की, ज्वराने किंवा औषधाने ज्याची बुद्धी भ्रमली तो समजता नव्हे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण तो ज्याला भ्रम झाला आहे त्याच्यापुरता आणि भ्रम आहे तेवढ्या वेळापुरताच. केवळ म्हातारा आहे, अडाणी आहे, किंवा आपले ऐकत नाही म्हणून कोणास भ्रमिष्ट ठरविता येत नाही. दुसरा आक्षेप असा की, पडण्याचे परिणाम एकट्या रोग्यास भोगावे लागत नाहीत; मुलास कर्ज काढावे लागते, सुनेस शुश्रूषा करावी लागते, परिचारिकेस जाब द्यावा लागतो. हे खरे आहे. परंतु ह्याच न्यायाने चालल्यास घरातील कोणाही मनुष्यास जोखीम असलेले कोणतेच काम करता येणार नाही. म्हणून आम्ही असे म्हणतो की, इतरांच्या हिताचा विचार रोग्यापुढे मांडावा, त्याच्या न्यायबुद्धीस आवाहन करावे. "आजोबा, तुम्ही पडलात तर आम्हां सर्वांस निस्तरावे लागेल, तेव्हा हाक मारा, मी रागावणार नाही," ह्या एका वाक्यात जे साधते ते पुष्कळदा दोरीने साधत नाही.

परंतु हे वाक्य बोलावयास कोणी जागे व मोकळे असावे लागते, आणि येथेच प्रश्नाचे मर्म आहे. रात्री दोन वाजता तीस खाटांच्या रुग्णालयात परिचारिका एक किंवा फार तर दोन असतात. त्याच वेळी प्रसूतीसाठी बाई अडली आहे, विंचू चावलेले मूल आले आहे, आणि कोपऱ्यातील म्हातारा सलाईन उपटून उठू पाहत आहे. अशा वेळी त्याचा हात तिने कठड्यास बांधला तर तिला क्रूर म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. तिने जे केले ते निरुपायाने केले. परंतु निरुपाय तिचा असला तरी तो कोणी निर्माण केला हे विचारलेच पाहिजे. लक्ष ठेवून रक्षण करावयाचे तर माणसे लागतात, पगार लागतात. बांधून रक्षण करावयाचे तर फडक्याची एक पट्टी पुरते. तेव्हा जेथे माणसे कमी ठेवून बंधने वाढतात तेथे खर्च वाचलेला नसतो; तो रोग्याच्या अंगावर ढकललेला असतो. तो पैशाऐवजी अपमान, भीती आणि झडलेले स्नायू ह्या नाण्यात भरतो, इतकेच.

आमच्या कायद्याने ही गोष्ट एका क्षेत्रात स्पष्टपणे ओळखली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात मनोरुग्णास साखळीने बांधण्यास सर्वथा मनाई आहे. अन्य शारीरिक बंधन तत्काळ होऊ घातलेला अपाय टाळण्याचा तोच एक मार्ग असेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने, आवश्यक तेवढ्याच वेळापुरते घालता येते, आणि त्याची नोंद ठेवावी लागते. ते शिक्षा म्हणून वापरता येत नाही. आणि केवळ कर्मचारी अपुरे आहेत ह्या कारणासाठीही वापरता येत नाही. हे शेवटचे कलम आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. दारिद्र्य ही सबब पुष्कळ ठिकाणी चालते; परंतु दुर्बळाचे हात बांधण्यासाठी ती चालणार नाही, असे विधिमंडळाने तेथे सांगितले आहे. मनोरुग्णास जे संरक्षण मिळाले ते सामान्य कक्षातील तापाच्या म्हाताऱ्यास नीतीने तरी का मिळू नये?

ह्यास जोडून दोषारोपाचा विचार करणे अवश्य आहे. रोगी पडला की प्रथम परिचारिकेस धारेवर धरण्याची रीत सर्वत्र आहे. नातेवाईक ओरडतात, वरिष्ठ खुलासा मागतात. पण दोन परिचारिकांनी सारखीच काळजी घेतली, आणि एकीचा रोगी पडला व दुसरीचा पडला नाही, तर एक दोषी व दुसरी निर्दोष हा कोणता न्याय? फळावरून कर्माचे माप घेणे हे आपल्या तत्त्वज्ञानास कधीच मान्य नव्हते. शिवाय ह्या रीतीचा परिणामही वाईट होतो. अमेरिकेत २००८ पासून वृद्धांच्या सरकारी विमायोजनेने रुग्णालयात पडून झालेल्या इजेच्या उपचाराचे जादा पैसे देणे बंद केले. हेतू चांगला होता. परंतु त्यामुळे रोग्यास चालते करण्याऐवजी खाटेवरच ठेवण्याकडे कल वाढतो अशी चिंता तेथील वैद्यच व्यक्त करू लागले. जिला पडण्याबद्दल शिक्षा होते आणि निजवून ठेवण्याबद्दल होत नाही, ती काय करील हे सांगावयास नको. म्हणून जाब विचारावयाचा तो काळजीविषयी विचारावा. फरशी कोरडी होती काय, दिवा होता काय, रोग्यास शौचाची गरज आहे काय हे निजण्यापूर्वी विचारले होते काय? ह्या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर पडण्याचे दुःख सर्वांनी वाटून घ्यावे. ते एका बाईच्या माथी मारू नये.

पडण्याचा संभव आधी ओळखण्यासाठी कोष्टकेही तयार झाली आहेत. कॅनडातील जॅनिस मोर्स ह्या विदुषीने १९८० नंतरच्या दशकात रचलेले कोष्टक सर्वांत प्रसिद्ध आहे. पूर्वी पडल्याचा इतिहास, दुसरा एखादा आजार, चालण्यास लागणारा आधार, शिरेत असलेली नळी, चाल आणि मनाची स्थिती अशा सहा गोष्टींस त्यात गुण दिले जातात. असे कोष्टक उपयोगी आहे, कारण ते विसरभोळ्या नजरेस आठवण देते. परंतु गुण मांडून वही मिटली म्हणजे कर्तव्य संपले असे होऊ लागले तर तेच कोष्टक नजरेची जागा घेते. संध्याकाळी काठी हाताच्या अंतरावर ठेवली आहे की कोपऱ्यात, हे कोणत्याही कोष्टकात नसते. ते पाहावेच लागते.

पाहणे हे काम आमच्या समाजाने हलके मानले, हे आमचे जुने पाप आहे. १९०९ साली पुण्यास सेवासदन निघाले आणि रमाबाई रानडे यांच्या प्रेरणेने आमच्या मुली व विधवा ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा पांढरपेशा घरांनी नाके मुरडली होती. रोग्याचे मलमूत्र काढणे हे आपल्या कुळास शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांस आपलाही देह एक दिवस दुसऱ्याच्या हातात जाणार आहे ह्याचा विसर पडला होता. आज परिचारिकेचा व्यवसाय प्रतिष्ठित झाला आहे असे आपण म्हणतो. पण तिच्या हाताखाली किती खाटा आहेत हे आपण विचारीत नाही. औषधे आहेत की नाहीत, यंत्र आले की नाही, एवढेच विचारतो. रुग्णालयाने प्रथम रोग्यास अपाय करू नये हे तत्त्व फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८६३ सालीच रुग्णालयांवरील आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगून ठेवले आहे. त्यातील अपायात बंधनाचा अपायही धरला पाहिजे.

मग बंधन कधीच क्षम्य नाही काय? आमचे उत्तर असे. ज्याची बुद्धी त्या क्षणी ठिकाणावर नाही, ज्याच्या हालचालीने तत्काळ मोठा अपाय होणार आहे, आणि ज्याच्याजवळ बसावयास खरोखर कोणी नाही, अशा रोग्यास थोड्या वेळापुरते आवरणे क्षम्य आहे. परंतु त्यास चार अटी असाव्या. त्याआधी सौम्य उपाय करून पाहिलेले असावे. बांधल्यावर त्याच्याकडे इतर रोग्यांपेक्षा अधिक वेळा पाहिले जावे. त्याच्या आप्तांस, आणि शुद्धीवर येताच त्याला स्वतःस, हे का केले ते सांगावे. आणि त्याची नोंद व्हावी, म्हणजे असे प्रसंग वाढत असतील तर माणसे वाढविण्याची मागणी त्या नोंदीच्या बळावर करता यावी. जे बंधन सांगण्यास लाज वाटते ते बहुधा घालावयास नको होते, ही कसोटी सर्वांस वापरता येण्यासारखी आहे.

ह्या लेखाचे वाचक बहुतेक रुग्णालयाबाहेरचे असतील. परंतु हा प्रश्न त्यांच्या घरातही आहे. वडील एकटे बाहेर गेले तर पडतील म्हणून दाराला बाहेरून कडी लावणारी मुले, आई स्वयंपाकघरात घसरेल म्हणून तिला चहासुद्धा करू न देणाऱ्या सुना, ह्या काही दुष्ट नसतात. त्या प्रेमळच असतात. तरीसुद्धा त्या प्रेमात स्वतःच्या निश्चिंतीचा अंश किती आणि म्हाताऱ्यांच्या हिताचा किती, हे ज्याने त्याने तपासून पाहावे. न्हाणीघरात एक दांडी बसविणे, रात्री एक दिवा जळत ठेवणे, सैल चप्पल बदलून देणे, संध्याकाळी हात धरून चार पावले चालविणे, ह्यांस कडी लावण्यापेक्षा अधिक वेळ लागतो. आणि जो आपल्याजवळ असतो तोच वेळ आपण द्यावयास कां कू करतो.

सारांश, रोग्यास पडू न देणे हे शुश्रूषेचे कर्तव्य खरे, परंतु ते तिचे अंतिम साध्य नव्हे. रोगी पुन्हा आपल्या पायांवर उभा राहावा ह्यासाठी शुश्रूषा असते. आणि उभा राहणाऱ्या मनुष्यास पडण्याचा थोडा तरी धोका असतोच. तो धोका कमी करण्यासाठी डोळे, हात आणि गोड शब्द जितके वापरता येतील तितके वापरावे, आणि त्यांचा पुरवठा करणे हे शासनाचे व समाजाचे काम समजावे. लोहाऱ्यासारख्या गावी रात्रपाळीस आणखी एक परिचारिका नेमली जावी ही मागणी अर्थसंकल्पातील एका आकड्याची आहे असे कोणास वाटेल. आम्हांस मात्र ती नीतिशास्त्राच्या प्रांतातीलच वाटते.